उतारवयात हाड मोडू नये म्हणून: सातारा-सांगलीकडच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून मुलं, सुना, लेकी आणि खुद्द ज्येष्ठ मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत आणि अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथे क्रमांक दिला आहे. औषधांच्या मात्रा समजुतीसाठी दिल्या आहेत. सुरू करणं, बंद करणं, बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

१. वय झालं की हाडं ठिसूळ होणारच. मग त्यात टाळण्यासारखं काय आहे?

हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते आणि पुढे हळूहळू उतरते. बायकांची पाळी गेल्यावर पहिली पाच-दहा वर्षं ती झपाट्याने उतरते. एवढं वयाचं. पण खुब्याची बहुतेक हाडं मोडतात ती उभ्या उंचीवरून पडल्यामुळे. म्हणजे हाड कमकुवत असणं आणि माणूस पडणं, या दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. घरोघरी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू असतात, पण न्हाणीघरात धरायला दांडा नसतो, रात्री वाटेत दिवा नसतो आणि झोपेची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू असते. आमचं ठाम मत आहे की निम्मं काम हाडाचं आणि निम्मं पडण्याचं आहे, आणि पडण्याचं निम्मं काम याच आठवड्यात सुरू करता येतं.

२. आईचे गुडघे आणि कंबर सतत दुखतात. म्हणजे हाडं ठिसूळ झालीत का?

तसं नाही. गुडघेदुखी बहुधा सांध्याच्या झिजेची असते. ठिसूळपणा मुळात दुखतच नाही, मोडेपर्यंत तो कळत नाही. म्हणून “काही दुखत नाही, हाडं चांगली आहेत” हेही खरं नाही.

पाठीचं मात्र वेगळं आहे. मणका पडल्याशिवायही दबतो. पाण्याचा हंडा उचलताना, गादी झटकताना, कधी नुसतं खोकताना पाठीत कळ येते आणि “उसण भरली” म्हणून शेक दिला जातो. मापाने ओळखायचं तर उंची बघा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, पदर पूर्वीपेक्षा खाली लोंबायला लागला असेल, तर पाठीचा एक्स-रे काढून मणके बघून घ्या.

३. गावात मोफत शिबिर होतं. टाचेला मशीन लावून “हाडं ठिसूळ आहेत” असं सांगितलं. आता काय करायचं?

टाचेवरचं यंत्र फार तर अंदाज देतं, त्यावरून औषध सुरू करायचं नसतं. निदानाची तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. खुबा आणि कंबरेचे मणके यांची घनता त्यात मोजतात. तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुई नसते. अहवालात ‘टी-स्कोअर’ दिलेला असतो. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी झालेली, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हे यंत्र प्रत्येक तालुक्याला नसतं, त्यामुळे मिरज-सांगली, कराड किंवा साताऱ्याला आधी फोनवर चौकशी करून मगच निघा.

६५ वर्षांवरच्या बायका आणि ७० वर्षांवरचे पुरुष यांनी ही तपासणी करून घ्यावी. त्याआधी कोणी करायची, ते पुढच्या उत्तरात आहे.

४. माझं वय ५२. पस्तिशीत पिशवी काढली आहे. मला इतक्या लवकर काळजी करायला हवी का?

हो, आणि आपल्याकडे हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पहिल्यांदा ऑपरेशनचा कागद शोधा. फक्त गर्भाशय काढलं की दोन्ही अंडाशयंही काढली, ते त्यात लिहिलेलं असतं. अंडाशयं काढली असतील तर शरीरासाठी पाळी त्याच दिवशी कायमची गेली, आणि हाडांची झपाट्याची झीजही तेव्हाच सुरू झाली. अंडाशयं ठेवली असली तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा अंडाशयं काढलेल्या प्रत्येकीने डेक्सा लवकर करून घ्यावी.

लवकर तपासणी करण्याची बाकीची कारणं अशी: पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मोडलेलं हाड, आई किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, फिटची औषधं, थायरॉइडची गरजेपेक्षा जास्त मात्रा, फार कमी वजन, दारू आणि तंबाखू. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. “मी फक्त दात घासते” असं म्हणणाऱ्या कित्येक जणी दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. डॉक्टर विचारोत न विचारोत, त्यांना ते सांगा.

५. दिवसाला कॅल्शियम किती लागतं? आमच्या भाकरी-आमटीतून ते मिळतं का?

मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम, अशी भारतीय शिफारस आहे. जेवणातून ते मिळू शकतं. पण नुसत्या ज्वारीच्या भाकरीतून नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात जेमतेम २५-३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच नाचणीत ३४० ते ३६०. म्हणून ज्वारी आणि नाचणी अर्धी-अर्धी दळून आणा. भाकरी थापायला फारसा त्रास होत नाही, फक्त पाणी कडकडीत लागतं.

एका दिवसाचा हिशोब करून बघा. दोन कप दूध (४०० मिली) म्हणजे सुमारे ४८० मिलिग्रॅम. एक वाटी दही १८० ते २००. अर्ध्या-अर्ध्या पिठाच्या दोन भाकऱ्या २२०. चमचाभर तिळाची चटणी १०० ते १२०, पण तिळातलं सगळं अंगी लागत नाही. वर हुलग्याचं माडगं किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी घेतली की आकडा पुरा होतो. सुकट खाणाऱ्यांना आणखी सोपं आहे.

चहातल्या दुधावर विसंबू नका, एका कपात ते दोन-तीन मोठे चमचेच असतं. पातळ ताकही तसंच. सांगलीची हळद दुधात घालून प्यायला हरकत नाही, पण हाडांना उपयोग होतो तो दुधाचा.

प्रथिनांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. दात गेले की आजी चहात बुडवलेल्या बटरवर आणि भातावर येतात, मांडीचे स्नायू वाळतात आणि खुर्चीतून उठता येईनासं होतं. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. अंड्यात ६, कपभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७, वाटीभर मटकीच्या उसळीत ७-८ ग्रॅम असतात. दात नसतील तर दाण्याचं कूट, मऊ शिजवलेली उसळ, पिठलं, उकडलेलं अंडं द्या. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

६. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ला तर कॅल्शियम भरून निघतं, असं मोबाइलवर फिरतंय. खरं आहे का?

नाही. गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यात फार तर २०-२५ मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, म्हणजे चार लहान चमचे दुधाएवढं. चुना तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा भाजतो. दाण्याची सवय पुढे बोटभर होते आणि बरेचदा त्याला तंबाखूची जोड मिळते. सोडून द्या.

७. कॅल्शियमची गोळी केव्हा घ्यायची? रिकाम्या पोटी की जेवल्यावर?

डबीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट’ असेल तर जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. ‘सायट्रेट’ असेल तर कधीही चालते. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, जास्तीचं नीट शोषलंच जात नाही. लेबल नीट वाचा: १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीशी दोन तासांचं. सकाळी सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एकाच घोटात गिळण्याची पद्धत इथे महागात पडते, थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही. जेवणातून कॅल्शियम पुरतं मिळत असेल (प्रश्न ५) तर गोळीची गरज नसते. मुतखडा होऊन गेला असेल तर स्वतःहून सुरू करू नका.

८. आजोबा रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसतात. ड जीवनसत्त्व मिळत असेल ना?

फारसं नाही. ज्या किरणांनी कातडीत ड तयार होतं, ते सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. साधी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्यापेक्षा लांब असेल तर उपयोग कमी, आखूड असेल तर उपयोग जास्त. थंडीत साडेदहा-अकरानंतर, उन्हाळ्यात साडेनऊ-दहाच्या सुमाराला वीसेक मिनिटं, हात-पाय-चेहरा उघडा ठेवून बसावं. एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडी, माण, खटाव भागात भर दुपारी बसवू नका, उष्माघाताचा धोका मोठा आहे. खिडकीच्या बंद काचेतून आलेल्या उन्हात हे किरण नसतात. आणि सत्तरीतली कातडी तरुणाच्या मानाने बरंच कमी ड बनवते, म्हणून पुष्कळांना वरून घ्यावंच लागतं.

९. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला किती दिवस घ्यायची? वर्षातून एकदा मोठं इंजेक्शन घेतलं तर?

रक्तातली पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साधारणपणे आठवड्याला एक पुडी, आठ आठवडे, आणि पुढे महिन्याला एक, असा क्रम असतो. पुडी दुधातून किंवा जेवल्यावर घ्या, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं शोषलं जातं. गडबड पुढे होते. आठ आठवडे संपल्यावर चिठ्ठी दुकानात दाखवून तीच पुडी दर आठवड्याला वर्षभर चालू राहते, किंवा कुणी चुकून रोज घेतं. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं. बद्धकोष्ठ, मळमळ, खूप तहान, सारखी लघवी, भ्रमिष्टासारखं बोलणं, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

वर्षातून एकदाचं मोठं इंजेक्शन टाळलेलं बरं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे देऊन पाहिलं होतं. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले, आणि त्या बायका कमी नाही, जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. थोडं आणि नियमित, हेच बरोबर.

१०. बाथरूममध्ये नेमके काय बदल करायचे? सगळं फोडून नवीन करणं शक्य नाही.

फोडायची गरज नाही. पडण्याचा क्षण आधी डोळ्यापुढे आणा. आंघोळ संपलेली आहे, फरशीवर साबणाचं पाणी आहे, अंगाला तेल लावलं असेल तर तळपायही तेलकट. आजी एका हाताने टॉवेल घेत उठतात आणि दुसऱ्या हाताने जे सापडेल ते धरतात. ते असतं नळ, नाहीतर टॉवेलचा रॉड. दोन्ही माणसाचं वजन पेलत नाहीत.

म्हणून तिथेच, हात आपोआप जातो त्या जागी, स्टीलचा दांडा बसवा. जाडी दीड इंचाच्या आत म्हणजे मुठीत मावेल अशी, भिंतीपासून अंतर सुमारे ४ सेंटिमीटर, आडवा दांडा जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर. टाइलच्या आतल्या पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये लांब फास्टनर मारून घ्या. टाइलमागे पोकळी असेल तर पकड येत नाही, आधी ठोकून आवाज ऐका. रबरी वाटीने चिकटणारे दांडे नकोत, ओलीत ते निसटतात. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने लोंबकळून बघावं.

बसून आंघोळ करा. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर पाय फाकवतं, रबरी बुचांचं लोखंडी किंवा स्टीलचं घ्या. बादलीही एका ठोकळ्यावर ठेवा म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागत नाही. तेल लावायचं असेल तर आंघोळीआधी तळपाय पुसून काढा. गुळगुळीत टाइलवर खालून पकड असलेली रबरी जाळी टाका. दारातलं सुटं पायपुसणं मात्र काढा, ते स्वतःच घसरतं. कडी बाहेरून उघडेल अशी करा, नाहीतर आत पडलेल्या माणसापर्यंत पोचायला दार तोडावं लागतं.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. चारही पायांची रबरं महिन्यातून एकदा तपासा.

११. सासरे रात्री लघवीला उठतात तेव्हाच दोनदा पडले. दिवसा ठीक असतात. असं का?

तीन कारणं एकत्र येतात: अंधार, घाई आणि उठताना पडणारं बीपी. शेवटचं घरीच मोजता येतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांनी असं होतं. झोपेच्या गोळीने तोल जातो, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळीनेही. साखरेच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने पहाटे साखर उतरून चक्कर येते. औषधांची पूर्ण पिशवी, दुकानातून परस्पर आणलेल्यांसह, डॉक्टरांपुढे रिकामी करा. झोपेची गोळी मात्र एकदम बंद करू नका, ती हळूहळूच उतरवावी लागते.

तोपर्यंत असं करा. उठल्यावर काठावर बसून मिनिटभर पावलं वर-खाली हलवावीत, मग उभं राहून दहा आकडे मोजावेत, मग चालावं. खाटेची उंची अशी हवी की बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. उंच दिवाण असेल तर त्याचे पाय कापून घ्या. पलंगापासून संडासापर्यंत पायाच्या उंचीवर छोटा दिवा रात्रभर चालू राहू दे, आणि वीज जाते तिथे उशाला टॉर्च. उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी मारा. लांबची वाट असेल तर रात्रीपुरतं युरिन पॉट खाटेजवळ ठेवण्यात कमीपणा नाही.

१२. काठी किती उंच असावी? कुठल्या हातात धरायची?

घरात घालतो ती चप्पल घालून, हात सरळ खाली सोडून उभं राहायचं. मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण उलटं करतात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. खालचं रबर झिजून सपाट झालं की बदला.

चपलेबद्दल: हवाई चप्पल, गुळगुळीत तळाची कोल्हापुरी आणि नुसते मोजे, तिन्ही घसरतात. मागे पट्टा असलेली, पातळ पण पकड असलेल्या तळव्याची घरात वेगळी ठेवा. आजोबा “काठी घेतली की लोक म्हातारं म्हणतील” म्हणून नकार देत असतील, तर फिरायची काठी म्हणून मुठीची चांगली लाकडी आणून द्या, पण खालचं रबर आणि उंची यांत तडजोड नको.

१३. रोज चालतो. तेवढा व्यायाम पुरेसा आहे का?

चालणं हृदयाला चांगलं, पण पडणं टाळायला तोल आणि मांड्यांची ताकद हवी. आधी परीक्षा घ्या. खुर्चीतून उठून ३ मीटर (दहा फूट) चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

स्वयंपाकाचा ओटा हे चांगलं साधन आहे. त्याला धरून टाचा वर उचला, दहा वेळा. एका पायावर दहा सेकंद उभं राहा, दोन्ही पायांनी. टाचेला अंगठा लावत ओट्याच्या कडेने दहा पावलं चाला. मग भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून हात न लावता उठा-बसा, सुरुवातीला पाच, महिन्याभरात दहापर्यंत. आठवड्यातून निदान तीन दिवस. पहिले पंधरा दिवस जवळ कुणीतरी असावं.

मणका दबलेला असेल तर पुढे वाकायची आसनं, पोटाच्या उठाबशा आणि कंबर पिळणं बंद. सूर्यनमस्कारही नकोत.

१४. आम्ही खेड्यात राहतो. गोठा, अंगण, पावसाळ्यातलं शेवाळ. तिथे काय करायचं?

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पावसाच्या भागात अंगणातली शहाबादी फरशी जुलैपर्यंत हिरवी होते. चालायच्या दोन-अडीच फुटी पट्ट्यावर ब्लीचिंग पावडर टाकून तासाभराने खराट्याने घासा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कृष्णाकाठच्या गावांत पूर ओसरल्यावर गाळ पूर्ण निघेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना घर बघायला आणू नका. वाईच्या घाटासारख्या दगडी पायऱ्यांवर ओलीत एकट्याने उतरू नये.

गोठ्यात पडण्याचं कारण बहुधा दावं असतं. पायात अडकतं, नाहीतर हाताला गुंडाळलेला कासरा जनावर हिसकतं. कासरा हाताला कधीच गुंडाळू नये. धारेची वेळ आणि अंधार एकत्र येतात, तिथे दिवा हवा. नळीचं वेटोळं वाटेत नको.

१५. ७५ नंतर एसटी मोफत आहे म्हणून आई सारखी प्रवास करते. धोका आहे का?

फिरू द्या, घरात बसवणं हाडांना आणि मनाला दोन्हीला वाईट. दोन गोष्टी पाळा. पहिली पायरी उंच असते, तेव्हा दोन्ही बाजूंचे दांडे धरूनच चढायचं, पिशवी दुसऱ्याकडे द्यायची आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच उठायचं. दुसरी, मागच्या चाकाच्या मागची सीट नको. खड्ड्यात, गतिरोधकावर तिथे माणूस उडून आदळतो आणि मणका दबतो. दुचाकीवर मागे एका बाजूला बसवून नेताना हाच धोका असतो, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवा.

१६. घरात कुणी पडलं तर लगेच काय करायचं? काय करायचं नाही?

धावत जाऊन बगलेत धरून उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय, पाय हलतोय का. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेलं असेल, जांघेत कळ येत असेल, तर खुबा मोडला असं धरूनच चाला. उभं करू नका, तेल लावून चोळू नका, पाय ओढू नका. दोन्ही पायांमध्ये उशी घालून पाय एकत्र सैलसर बांधा, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. हलवायचंच असेल तर फळीवर किंवा खाटेसकट चौघांनी. खायला देऊ नका, ऑपरेशन लवकर करायची वेळ येऊ शकते. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठीक वाटला तरी दवाखान्यात न्या.

कळ नसेल तर स्वतःच उठू द्या: कुशीवर वळणं, हात-गुडघ्यांवर येणं, पक्की खुर्ची समोर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवणं, बळकट पाय पुढे रोवून उठणं. एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल गळ्यात किंवा खिशात ठेवावा, कपाटावर नाही.

१७. वय ८२. खुबा मोडलाय. ऑपरेशन झेपेल का? हाडवैद्याकडे बांधून घेतलं तर?

खुब्याचं हाड बांधून जुळत नाही. ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावं. बिनऑपरेशनचं पडून राहणं जास्त घातक आहे, त्यात पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. नुसतं वय हे ऑपरेशन नाकारण्याचं कारण नाही. मनगटाला घट्ट पट्टी बांधून घेतली असेल आणि बोटं निळी, थंड किंवा बधिर झाली, तर पट्टी तिथल्या तिथे सोडा.

खर्चाचं म्हणाल तर ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कार्ड आजच आधारवरून काढून ठेवा आणि भरती होण्याआधी “रुग्णालय योजनेत आहे का” हे विचारा. काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदा ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा, किंवा ज्येष्ठांच्या १४५६७ या क्रमांकावर.

१८. मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं, आता बरी आहे. अजून औषध कशाला?

कारण दुसरं हाड मोडण्याचा धोका पहिल्यानंतरच्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. प्लास्टरने मोडलेलं जुळलं, ज्यामुळे मोडलं ते तसंच आहे. प्लास्टर काढण्याच्या भेटीतच “हाडांच्या ठिसूळपणाचं काय?” असं विचारा.

नेहमीची गोळी म्हणजे ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार, सकाळी उठल्या-उठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध, इतर गोळ्या अर्धा तास नाहीत, आणि तो अर्धा तास आडवंही व्हायचं नाही. दोन घोट पाण्याने घेऊन परत झोपलं की गोळी अन्ननलिकेला चिकटून जखम करते आणि मग “गोळी सोसत नाही” म्हणून ती बंद होते. ज्यांना ताठ बसता येत नाही किंवा गिळायला त्रास होतो, त्यांना वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक ॲसिड देता येतं. किडनी फार अशक्त असेल तर दोन्ही चालत नाहीत, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासतात. पाचेक वर्षांनी औषध चालू ठेवायचं का, हे पुन्हा ठरवायचं असतं.

१९. हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन द्यायचं राहून गेलं. दोन महिने उलटलेत. चालेल ना?

नाही, लगेच डॉक्टरांना गाठा. प्रश्न १८ मधली औषधं सोडल्यावर परिणाम हळूहळू ओसरतो, याचा एकदम जातो. झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. महिन्याभराहून जास्त उशीर होऊ द्यायचा नाही. बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लावून मगच. पुढची तारीख गॅसच्या नंबरासारखी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

२०. हाडांचं औषध चालू आहे आणि दाढ काढायची आहे. औषध थांबवू का?

स्वतःहून थांबवू नका, विशेषतः प्रश्न १९ मधलं इंजेक्शन. जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास क्वचित होतो, ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत तर फारच क्वचित. दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि किती वर्षं चालू आहे ते सांगा. औषध अजून सुरू व्हायचं असेल तर किडलेल्या दाढा आधी काढून घ्या.

२१. वडिलांची डेक्सा चांगली आली, पण मधुमेह वीस वर्षांचा आहे. निश्चिंत राहायचं का?

नाही. मधुमेहात घनता चांगली दिसूनही हाड आतून कमी दर्जाचं असू शकतं. शिवाय पायाला बधिरपणा, डोळ्यांवर परिणाम आणि साखर उतरणं यांमुळे पडणंही वाढतं. मोतीबिंदू असेल तर लांबवू नका, आणि दोन भागांच्या चष्म्यातून जिना उतरताना मान झुकवून वरच्या भागातून पायरी बघायला शिकवा. पुरुषांना हा आजार होत नाही, ही समजूतही चुकीची आहे. खुबा मोडल्यानंतर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे.

२२. पडल्यावर एक्स-रे नॉर्मल आला, तरी आजी पाय टेकवत नाहीत. आणि एका काकूंना सहा वर्षं गोळी घेऊन, न पडताच मांडीत दुखतंय. काय असेल?

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, पण दोन्हीत “वयामुळे” म्हणून सोडून देण्याची चूक होते. आजींच्या खुब्यात बारीक चीर असू शकते, ती पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. पाय टेकवताना जांघेत दुखत असेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन मागा, तोवर चालवू नका. चीर असतानाच पकडली तर स्क्रूवर भागतं. हाड सरकल्यावर बरेचदा खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा बदलावा लागतो.

काकूंच्या बाबतीत, ॲलेन्ड्रोनेटसारखं औषध बरीच वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला मधोमध ताणाची चीर जाते. आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखतं, मग एक दिवस हाड चालता चालता मोडतं. गुडघ्याचा किंवा कमरेचा एक्स-रे काढून हे दिसत नाही. दोन्ही मांड्यांचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा पूर्ण एक्स-रे काढायला सांगा. बाजू दुखरी एकच असली तरी दोन्हींचा, कारण चीर दुसऱ्या मांडीतही असू शकते. फिल्म दाखवेपर्यंत पुढची साप्ताहिक गोळी घेऊ नका आणि काठीवर भार देऊन चाला.